कौल कोणी लावला?

एका चर्चासत्राहून आम्ही तिघे परतत होतो. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी चर्चासत्रे सर्वत्र एकाच साच्यातून निघतात. दुपारच्या सत्रात एका व्यासंगी वक्त्यांनी ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याचा दाखला दिला आणि ते म्हणाले, "अडाणी माणसाच्या हाती प्रश्नपत्रिका दिली की काय होते, ते जगाने २०१६ साली पाहिले." सभागृहात हशा पिकला, टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आमच्याही होत्या. परतीच्या एस.टी.त, घाट उतरताना, आमच्यापैकी एकाने विचारले, "आपण टाळ्या नेमक्या कशाला वाजवल्या?" बाकीच्या दोघांना उत्तर देता आले नाही. पुढील मजकूर त्या न दिलेल्या उत्तरापोटी लिहिला आहे.

आमची बाजू आरंभीच सांगून टाकतो. संघातून बाहेर पडण्यात ब्रिटनचे नुकसान झाले असे आम्ही मानतो. त्या देशाच्या सरकारी अर्थसंकल्पीय अंदाज कार्यालयानेच दीर्घकालीन उत्पादकतेत चार टक्क्यांची घट गृहीत धरली आहे, आणि ते कार्यालय कोणा पक्षाचे मुखपत्र नव्हे. तेव्हा बाहेर पडणाऱ्यांची वकिली आम्ही करतो आहोत असे कोणी समजू नये. आमची तक्रार वेगळी आहे, आणि ती आमच्याच व्यवसायाविरुद्ध आहे. साहित्य शिकवणारी माणसे कवितेतल्या एका विभक्तिप्रत्ययावर तासभर बोलतात. कोट्यवधी माणसांच्या एका मताचा अर्थ मात्र एका विशेषणात उरकतात. 'अडाणी' हे त्यातले एक विशेषण. 'सार्वभौम' हे दुसरे. दोन्ही वाचनाचा आळस आहेत.

'जनमत कौल' हा शब्द आपण वर्तमानपत्री सवयीने वापरतो. त्यातला 'कौल' जरा उलटून पाहावा. कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला कळ्या किंवा पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणे घालायचे, आणि उजवीकडची पाकळी पडते की डावीकडची हे पाहत सर्वांनी श्वास रोखून उभे राहायचे. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. आमच्यापैकी एकाचे बालपण अशाच एका देवळाच्या आवारात गेले. त्याची आठवण अशी की, जाणता गुरव एका कौलात दोन प्रश्न कधी बांधत नसे. 'विहीर खणू का' हा एक कौल. 'कुठे खणू' हा दुसरा. कोणी घाईने दोन्ही एकत्र विचारू लागला तर गुरव त्याला थांबवी, कारण मग पडलेली पाकळी कशाबद्दल पडली हे कोणालाच सांगता आले नसते.

या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. मूळ अरबी 'कौल' म्हणजे वचन. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदपत्रांत रयतेला, परागंदा कुळांना, किल्ल्यावरच्या शिबंदीला कौल दिल्याचे उल्लेख जागोजाग सापडतात: परत या, तुमच्या वतनाला धक्का लागणार नाही, हा आमचा कौल. येथे कौल वरून खाली येतो. देवळात आपण तो मागतो, दफ्तरात सरकार तो देते.

२०१६ साली ब्रिटनमध्ये हे दोन्ही कौल एकमेकांत गुंतले. २०१५ च्या कायद्याने सार्वमत घेण्याची तरतूद केली, पण निकाल सरकारवर बंधनकारक राहील असे त्यात कोठेही लिहिले नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तो सल्ला होता. त्याच सरकारने एप्रिल २०१६ मध्ये घरोघरी एक पत्रक पाठवले आणि त्यात, निर्णय तुमचा, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणील, असे वचन दिले. कायदा सल्ला म्हणत होता, पत्रक कौलनामा म्हणत होते. पुढची साडेतीन वर्षे तो देश ज्या गाळात रुतला, त्याचा उगम या विसंगतीत आहे. मतदारांच्या शिक्षणात नव्हे.

आता प्रश्न पाहू. मूळ मसुदा 'ब्रिटनने युरोपीय संघाचा सदस्य राहावे काय', एवढाच होता आणि उत्तर होय किंवा नाही असे द्यायचे होते. हा प्रश्न 'राहावे'कडे कलतो, असे तिथल्या निवडणूक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये कळवले, आणि मग 'सदस्य राहावे की संघ सोडावा' असा दोन बाजूंचा प्रश्न तयार झाला. शब्दांचे तोल सांभाळणारी अशी काळजी पाहून आम्हा भाषेच्या मास्तरांना बरे वाटते. परंतु तोल सांभाळताना एक गोष्ट निसटली. 'राहणे' याला एकच अर्थ होता, कारण राहण्याची जागा ठाऊक होती. 'सोडणे' याला अर्थ किती? एकसंध बाजारपेठ सोडायची की तिच्यात राहून फक्त संघ सोडायचा? जकात संघाचे काय? आयर्लंडच्या सरहद्दीचे काय? गुरवाने जे दोन कौल वेगळे लावले असते ते येथे एकातच बांधले गेले.

२३ जून २०१६ रोजी मतदान झाले. बाहेर पडावे म्हणणारे १ कोटी ७४ लाख, राहावे म्हणणारे १ कोटी ६१ लाख, टक्केवारीत ५१.९ आणि ४८.१. दुसऱ्या दिवशी सकाळी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी राजीनामा जाहीर केला. डावा कौल पडला म्हणून गुरवाने देऊळ सोडून जावे, असे आमच्या पाहण्यात तरी नाही.

त्यांच्या जागी आलेल्या थेरेसा मे यांनी ब्रेक्झिट म्हणजे काय याचे उत्तर 'ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट' असे दिले. प्रथम वर्षाचा विद्यार्थीही यास पुनरुक्ती म्हणेल. परंतु त्या बिचाऱ्या बाईंना तरी दुसरे काय म्हणता येणार होते? जो अर्थ विचारलाच गेला नव्हता तो उत्तरातून कसा निघावा? १५ जानेवारी २०१९ रोजी त्यांचा करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. २७ मार्चला खासदारांपुढे आठ वेगवेगळे पर्याय ठेवले गेले, आणि आठांपैकी एकालाही बहुमत मिळाले नाही. आमच्या वक्त्यांना आम्ही एवढेच विचारू की, हे साडेसहाशे खासदार तर सुशिक्षित होते ना? त्यांनाही 'सोडणे' या क्रियापदाचा अर्थ ठरवता आला नाही, मग बोस्टनच्या भाजीच्या शेतातल्या मजुराने तो मतदानाच्या खोलीत ठरवायला हवा होता काय?

बोस्टनचे नाव मुद्दाम घेतले. लिंकनशायरमधल्या या गावाने ७५.६ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. देशातला हा सर्वोच्च आकडा. तिकडे लंडनच्या लॅम्बेथमध्ये ७८.६ टक्के लोकांनी 'राहावे' म्हटले. यावरून अडाणी-शहाणे अशी वाटणी करणे सोपे आहे, आणि पदवीधरांचा कल राहण्याकडे होता हेही खरे आहे. परंतु २००४ साली पूर्व युरोपातले देश संघात आले तेव्हा त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार मोकळे ठेवणारे जुने सदस्य तीनच होते: ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. बाकीच्यांनी काही वर्षांची अट घातली. हा निर्णय लंडनमध्ये झाला आणि त्याचा भार बोस्टनसारख्या गावातल्या भाड्याच्या खोल्यांवर, दवाखान्यांवर, शाळेच्या वर्गांवर पडला. आलेल्या पोलिश वा लिथुआनियन मजुराचा यात काही दोष नव्हता. पण गावाला तक्रार करायची झाली तर ती कोठे करावी, याचे उत्तर बारा वर्षे कोणी दिले नाही, आणि मग एके दिवशी त्यांच्या हाती दोन चौकटींचा कागद आला. असा कागद हाती आल्यावर माणूस त्यावर छापलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो, असे मानणे हा वाचनाचा भाबडेपणा आहे.

वेल्समधील ब्लायनाय ग्वेंटचा दाखलाही चर्चासत्रांत नेहमी येतो, तोही चेष्टेने. युरोपीय निधी भरपूर मिळालेल्या या भागाने ६२ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. म्हणजे ज्या ताटात जेवले त्यातच छेद केला, असे म्हणतात. तेथील एबू व्हेलचा पोलाद कारखाना २००२ साली बंद पडला. निधीतून रस्ते झाले, इमारती झाल्या, त्यांवर निळे फलक लागले. कारखान्याच्या जागी कारखाना आला नाही. आपल्याकडे गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या झगमगत्या मॉलबद्दल गिरणी कामगाराने कृतज्ञ राहावे, अशी अपेक्षा आपण ठेवत नाही. वेल्सच्या पोलाद कामगाराकडून मात्र ठेवतो.

अर्थात 'गरिबांचे बंड' ही गोष्टही अर्धीच आहे. दक्षिण इंग्लंडातल्या हिरवळीच्या बंगल्यांत राहणाऱ्या, पेन्शन सुरक्षित असलेल्या कितीतरी सुखवस्तू वृद्धांनी संघ सोडण्यास मत दिले. त्यांचा कोणताही कारखाना बुडाला नव्हता. डाव्या विचाराच्या मित्रांना ही माणसे गोष्टीत नको असतात, म्हणून ते त्यांना वगळतात.

आता दुसऱ्या विशेषणाकडे. 'सार्वभौम जनतेने निर्णय दिला, आता कोणी ब्र काढू नये', हा पक्ष. ३ नोव्हेंबर २०१६ रोजी उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी संसदेच्या संमतीवाचून संघ सोडण्याची सूचना देता येणार नाही असा निकाल दिला, तर दुसऱ्या दिवशी 'डेली मेल'ने त्यांच्या छायाचित्रांवर 'जनतेचे शत्रू' असा मथळा छापला. इब्सेनचे १८८२ चे नाटक शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो अंक वर्गात न्यावा. इब्सेनने ते शब्द उपरोधाने वापरले होते. वर्तमानपत्राने ते गंभीरपणे वापरले. पुढे जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध तीन मतांनी तोच निकाल कायम केला. आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्या पुण्याचे आम्ही वारस आहोत. 'लोक म्हणतात' या दोन शब्दांचा दरारा आम्हाला नवा नाही.

आणि ही जनता म्हणजे नेमके कोण? नोंदलेले मतदार साधारण ४ कोटी ६५ लाख होते. त्यांतले बाहेर पडावे म्हणणारे ३७ टक्के भरतात. स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मते राहण्याच्या बाजूने दिली. १९७५ साली याच प्रश्नावर झालेल्या पहिल्या सार्वमतात ६७ टक्के लोकांनी राहावे म्हटले होते, आणि तेव्हा सर्वांत उत्साही इंग्लंड होते, स्कॉटलंड नव्हे. चाळीस वर्षांत इंग्रजांचे रक्त बदलले नाही. विचारणारा बदलला, विचारण्याची वेळ बदलली.

मतदार कोण, याबद्दलची एक गोष्ट मात्र आम्हाला सर्वांत विलक्षण वाटते, आणि ती आपल्या दाराशी येऊन पोचते. या सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मताधिकार होता. म्हणजे पुण्याहून लंडनला शिकायला गेलेल्या, भारतीय पारपत्र असलेल्या विद्यार्थ्यालाही नाव नोंदवून मत देता येत होते. वीस वर्षे तेथे राबलेल्या, कर भरलेल्या फ्रेंच परिचारिकेला मात्र ते नव्हते. आता गोव्याकडे पाहा. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते. हजारो गोवेकरांनी ते घेतले आणि त्या पारपत्रावर ब्रिटन गाठले. स्विंडनमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. आता समजा, एकाच गावचे दोन भाऊ स्विंडनला राहतात. एकाने नोकरीच्या व्हिसावर जाऊन भारतीय पारपत्र राखले, दुसऱ्याने पोर्तुगीज घेतले. ब्रिटन युरोपात राहावे की नाही, यावर भारतीय भावाला मत होते आणि युरोपीय भावाला नव्हते, ज्याचे तेथले राहणे त्या मतावर टांगलेले होते त्यालाच नव्हते. स्विंडनने बाहेर पडण्याचा कौल दिला. या प्रसंगावर मराठीत किंवा कोंकणीत कादंबरी नसावी याचे आम्हाला नवल वाटते. विषय तर आयता पडला आहे.

कादंबरीचा विषय निघालाच आहे तर इंग्रजीतल्या तथाकथित ब्रेक्झिट-साहित्याबद्दल बोलू, कारण आमच्या चर्चासत्रांचा पवित्रा तेथूनच उसना आलेला आहे. इयन मॅक्युअनचे 'द कॉक्रोच' (२०१९) आमच्याकडे फार वाखाणले जाते. काफ्काला उलटे करून एका झुरळाला पंतप्रधान बनवण्याची कल्पना चमकदार आहे, आणि दहा पाने ती चमकते. नंतर लक्षात येते की या पुस्तकात मंत्री आहेत, वार्ताहर आहेत, राजदूत आहेत, पण ज्याच्या मतामुळे हे सारे घडले तो माणूस जवळजवळ नाही. लेखकाला उत्तर आधीच ठाऊक असले की उपरोध आरशासारखा होतो. त्यात लेखक स्वतःचाच चेहरा पाहतो. जोनाथन को यांची 'मिडल इंग्लंड' (२०१८) अधिक मायाळू आहे. तिच्यातले एक जोडपे सार्वमतामुळे समुपदेशकाकडे जाते, हा भाग तर आम्हाला मनापासून आवडला. तरीही दुसऱ्या बाजूची पात्रे तेथे समजून घेतली जाण्यापेक्षा समजावून सांगितली जातात.

ॲली स्मिथ यांच्या 'ऑटम' (२०१६) मधील एलिझाबेथ ही अनियमित तासांच्या कंत्राटावरची अध्यापिका आहे. येथे आमच्या तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांनी क्षणभर थांबावे. टपाल कार्यालयात पारपत्राचा अर्ज भरताना छायाचित्रातल्या डोक्याचे माप चुकले म्हणून तिला परत पाठवतात. सार्वमतावरच्या शेकडो अग्रलेखांपेक्षा त्या खिडकीवरच्या रांगेत अधिक राजकारण आहे. आणि अँथनी कार्टराइट यांची 'द कट' (२०१७) ही छोटी कादंबरी तर आमच्या अभ्यासक्रमांत कोठेच नाही. लंडनच्या एका लहान प्रकाशनसंस्थेने, आपल्याला देशाचा अर्धा भाग ठाऊकच नाही या जाणिवेने, ती लिहून घेतली. डडलीत माहितीपट करायला आलेली तरुणी आणि कधीकाळी मुष्टियुद्ध खेळणारा, आता मिळेल त्या मजुरीवर जगणारा केरो, यांची ती गोष्ट. डडलीने ६७ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्यास दिली. केरोकडे कॅमेरा वळतो तेव्हा त्याला कळते की, आपण काय म्हणणार हे समोरच्याने आधीच ठरवले आहे. दलित साहित्याने मराठी समीक्षेला पन्नास वर्षांपूर्वी हाच धडा दिला होता: माझ्याविषयी बोलण्यापूर्वी मला विचारलेस का? तो धडा आम्ही परीक्षेत लिहून घेतो आणि इंग्लंडचा विषय निघाला की विसरतो.

अलीकडच्या पाहण्यांत बाहेर पडणे चुकले म्हणणारे ५५ टक्क्यांच्या आसपास आणि योग्य म्हणणारे ३० टक्क्यांच्या आसपास दिसतात. चर्चासत्री मंडळी यास 'लोकांना शहाणपण आले' म्हणतात. या बदलात मत फिरवणारे आहेत, तसेच त्यावेळचे वृद्ध मतदार निवर्तले आणि तेव्हाची मुले मतदार झाली, हाही भाग आहे. शिवाय 'चुकले का' आणि 'परत जावे का' हे पुन्हा दोन कौल आहेत.

आपल्या स्वतःच्या एका कौलाचे वाचन तरी आपण नीट केले का? १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे. विलीनीकरणाचे चिन्ह फूल, वेगळेपणाचे दोन पाने. ३४,०२१ मतांनी दोन पाने जिंकली. महाराष्ट्रातल्या साहित्यविश्वाला ते पचले नाही. गोवेकरांची दिशाभूल झाली, असे म्हणणारे त्यानंतर कित्येक वर्षे भेटत असत. पण दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याच गोव्याने विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच निवडून दिले आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्याला हा वेडेपणा वाटतो त्याला कौल वाचता येत नाही. बांदोडकरांचे राज्य हवे होते, मुंबईचे नको होते. दोन प्रश्न वेगवेगळे विचारले गेले तेव्हा दोन वेगळी उत्तरे आली. स्वतंत्र घटक राज्य हा तिसरा पर्याय त्या कागदावर नव्हताच. तो मिळायला ३० मे १९८७ उजाडावा लागला.

एस.टी.तल्या त्या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट होती, ती सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या अंतर्गत परीक्षेत आम्ही प्रश्न घातला होता: 'ब्रेक्झिटच्या संदर्भात जनमत आणि लेखकाची भूमिका स्पष्ट करा.' एका विद्यार्थिनीने इंग्लंडबद्दल चार ओळी लिहून पुढे आपल्या गावाबद्दल लिहिले. शहराच्या हद्दवाढीत गाव घ्यायचे ठरले होते. ग्रामसभेत तिच्या वडिलांनी विरोधात हात वर केला होता. नळाला पाणी येईल, दिवे लागतील, हे त्यांना ठाऊक होते. घरपट्टी वाढेल हेही होते. पण हात त्यांनी वर केला तो यासाठी की, त्या सभेला आलेल्या साहेबाने वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना काही विचारले होते, आणि होकार दिला तर पुन्हा विचारणार नाही, अशी त्यांची खात्री होती. तिने लिहिले होते की वडील चुकले असतील, पण मूर्ख नव्हते.

आम्ही समासात 'विषयांतर' असा शेरा मारला. त्या उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या. गुणपत्रिकेवर आकडा आहे: २० पैकी ६.